टीबी म्हणून औषधं चालू होती, निघालं मेलिऑइडोसिस : कोणाला काही माहिती/अनुभव?

तेरेखोलकाठ

नमस्कार मंडळी. हॉस्पिटलच्या पॅसेजमध्ये बसून मोबाईलवर टाइप करतेय, तेव्हा शुद्धलेखनाकडे जरा काणाडोळा करा.

बाबांचं वय ६३, शुगर बरीच वर्षं आहे, क्रिएटिनिनही (किडनीची रक्ततपासणी) थोडं वरच असतं. आम्ही सिंधुदुर्गातले, घरची भातशेती, आणि गडी मिळत नाहीत म्हणून बाबा दरवर्षी स्वतः चिखलणीला उतरतातच, कितीही सांगा. यंदाही तरवा काढण्यापासून लावणीपर्यंत सगळं केलं. पायाला चिखल्या झालेल्या, टाचांना भेगा, त्यावर रात्री खोबरेल चोपडायचं की सकाळी परत शेतात. श्रावण लागता लागता ताप सुरू झाला. संध्याकाळ झाली की हुडहुडी, रात्री घामाने बनियन भिजायचं, जेवण जाईना आणि वजन नुसतं उतरत चाललेलं. आमच्याकडे पावसाळ्यात ताप म्हटला की आधी लेप्टो, मग मलेरिया, डेंग्यू. सगळं निगेटिव्ह आलं. एक्स-रेत उजव्या बाजूला वरती डाग दिसला, थुंकीत टीबीचे जंतू काही सापडले नाहीत, पण डाग + वजन कमी + ताप म्हणून टीबीची औषधं सुरू केली. ताप हटला नाही तो नाहीच. मग डाव्या कुशीत दुखायला लागलं, सोनोग्राफी केली तर प्लीहेत आणि लिव्हरमध्ये गळवं! तिथून सरळ गोव्याला आणलं, सुई घालून पू काढला, कल्चरला (लॅबमध्ये जंतू वाढवून ओळखायला) पाठवला आणि रिपोर्ट आला बर्कहोल्डेरिया स्यूडोमलाई, म्हणजे मेलिऑइडोसिसचा जंतू. हे नाव घरात कोणाच्या बापजन्मात ऐकलेलं नाही.

आता सेफ्टाझिडीमची इंजेक्शनं चालू आहेत. डॉक्टर चांगले आहेत पण राउंडला पाच मिनिटं भेटतात, आणि आपले प्रश्न तेव्हा नेमके आठवत नाहीत. तर,

इंजेक्शनं सुरू होऊन बरेच दिवस झाले तरी रोज ताप येतोच आहे, म्हणजे औषध लागू पडत नाहीये का? नंतर तीन महिने गोळ्या म्हणतायत, एवढ्या खरंच लागतात? आणि आई बाबांच्या उशाशी बसून असते, घरी दादाची लहान मुलं आहेत, त्यांना धोका आहे का?

---

उंडगा

बाबांना लवकर बरं वाटू दे. माहिती शून्य, पण धागा वर राहावा म्हणून प्रतिसाद.

---

पडवीतला_डॉक्टर

ताई, सर्वात आधी तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर देतो म्हणजे आईंना निवांत झोप लागेल. माणसाकडून माणसाला हा आजार होणं जवळजवळ नाहीच, जगभरात अशी उदाहरणं हाताच्या बोटावर मोजण्याइतकी. हा जंतू मातीत आणि साचलेल्या पाण्यात राहतो. जखमेतून, भेगेतून शिरतो, वादळी पावसात हवेत उडालेल्या बारीक तुषारांबरोबर श्वासातून जातो, किंवा दूषित पाणी प्यायल्याने जातो. आईंनी खुशाल बसावं, पूच्या पट्ट्या हाताळताना ग्लोव्हज घालावेत आणि हात धुवावेत, बस्स.

आता तापाचं. या आजारात योग्य औषध सुरू करूनही ताप उतरायला सरासरी ९ दिवस लागतात, आणि पोटात गळवं असतील तर त्याहून जास्त. नातेवाईक इथेच धीर सोडतात, डॉक्टर बदलतात, इंजेक्शन बदला म्हणतात. बघायचं काय, तर बीपी ठीक आहे का, भूक परतली का, तापाचा आकडा दिवसागणिक थोडा थोडा खाली येतोय का. ताप हटत नसेल आणि तब्येतही खालावत असेल तर मात्र एखादं गळू काढायचं राहिलंय का हे शोधायला परत सीटी करावा लागतो. पुरुष पेशंट असेल तर प्रोस्टेट बघितलंय ना हे विचाराच. ऑस्ट्रेलियातल्या डार्विन शहराच्या अनुभवात पुरुषांमध्ये साधारण पाचातल्या एकाला तिथे गळू सापडतं, आणि लघवीची काही तक्रार नसतानाही सापडतं.

दोन टप्प्यांची ट्रीटमेंट असते. पहिला टप्पा शिरेतून, सेफ्टाझिडीम किंवा मेरोपेनेम, कमीत कमी १० ते १४ दिवस. खोल गळवं, हाड, मेंदू असं काही असेल तर ४ ते ८ आठवडे. दुसरा टप्पा गोळ्यांचा, कोट्रायमॉक्साझोल, किमान ३ महिने आणि हाड किंवा मेंदू असेल तर ६. हा जंतू आपल्याच पेशींच्या आत दडून बसतो, म्हणून दुसरा टप्पा. पेशंटला बरं वाटायला लागलेलं असतं, गोळ्यांनी मळमळतं, मग "आता कशाला" म्हणून सोडतात आणि काही महिन्यांनी परत तापाने फणफणून येतात. परत उलटण्याचं सगळ्यात मोठं कारण अर्धवट सोडलेला कोर्स हेच आहे. तेव्हा हो, खरंच लागतात.

---

आजीचा_बटवा

गुळवेल, हळद आणि कडुनिंबाचा काढा सकाळी अनशापोटी द्या. रक्तशुद्धी झाली की कुठलाही जंतू टिकत नाही. अँटिबायोटिक्सनी लिव्हर खराब होतं ते वेगळंच.

---

पडवीतला_डॉक्टर

@आजीचा_बटवा, लिव्हरमध्ये ऑलरेडी गळवं आहेत हो. १९८९ साली थायलंडमधला अभ्यास प्रसिद्ध झाला, सेफ्टाझिडीम नव्हतं तेव्हाच्या औषधांवर गंभीर पेशंटांपैकी ७४ टक्के दगावत होते, सेफ्टाझिडीमने तो आकडा ३७ वर आला. म्हणजे तेव्हाची चार चार अँटिबायोटिक्स एकत्र देऊनही हा ऐकत नव्हता, काढ्याला काय ऐकणार. ताई, किडनीचा प्रश्न असताना कुठलाही काढा देऊ नका प्लीज.

---

मालवणी_खाजा

आजीच्या बटव्याक कोणीतरी कुलूप घाला रे.

---

सूक्ष्मदर्शी

मी मायक्रोबायोलॉजीवाली, लॅबच्या बाजूने लिहिते कारण खरा घोळ आमच्याकडेच होतो.

कल्चरमध्ये हा पहिल्या दिवशी अगदी साध्या, बारीक, स्यूडोमोनस नावाच्या कुठल्याही नेहमीच्या जंतूसारख्या दिसणाऱ्या कॉलनी (जंतूंचे ठिपके) देतो. बऱ्याच ठिकाणी रिपोर्ट जातो "स्यूडोमोनस स्पीशीज", नाहीतर "कंटॅमिनंट असावा, सॅम्पल परत पाठवा". ऑटोमॅटिक मशीनही कधीकधी त्याच्या चुलतभावाचं, बर्कहोल्डेरिया सेपेशियाचं नाव छापून मोकळं होतं. अ‍ॅशडाउन नावाचं जंतू वाढवायचं खास माध्यम आहे, त्यावर तीन-चार दिवस ठेवलं की कॉलनी सुकून सुरकुततात, वाळलेल्या जांभळ्या फुलासारख्या दिसतात, तेव्हा चेहरा ओळखू येतो. पण ते माध्यम किती लॅबमध्ये असतं? म्हणून आम्ही नव्या मुलांना साधी खूण शिकवतो : जेंटामायसिन, कोलिस्टिन या अँटिबायोटिक्सना दाद देत नाही, पण को-अमॉक्सिक्लावला देतो. असा उलटा हिशोब दिसला की थांबायचं, प्लेट बंद करायची आणि डॉक्टरांना फोन लावायचा. प्लेटला मातीसारखा वास येतो, पण प्लेट हुंगायची नाही म्हणजे नाही! तो श्वासातून जातो, आणि लॅबमध्ये कोणाचा असा संपर्क आला तर त्याला २१ दिवस गोळ्या घ्याव्या लागतात. म्हणून सॅम्पल पाठवतानाच फॉर्मवर "मेलिऑइडोसिसचा संशय" असं लिहायला डॉक्टरांना सांगा. दोन शब्दांनी आमचं काम सोपं होतं आणि आमचा जीवही वाचतो.

दुसरं, एक कल्चर निगेटिव्ह आलं म्हणून विषय मिटत नाही. एकूण कल्चर साधारण ६० टक्के वेळाच पकडतं. रक्त, लघवी, थुंकी, घशातला स्वॅब, पू, जे जे मिळेल ते सगळं पाठवायचं आणि परत पाठवायचं. रक्तातल्या अँटिबॉडीच्या टेस्टवर मात्र विसंबू नका, जिथे हा जंतू मातीतच आहे तिथे धडधाकट माणसांचीही ती पॉझिटिव्ह येते.

---

कुजबुज

हा तर बायोवेपनवाला जंतू ना? अमेरिकेच्या यादीत आहे असं वाचलं होतं. मग आपल्या शेतात कसा आला? विचार करा लोकहो.

---

सूक्ष्मदर्शी

@कुजबुज यादीत आहे हे खरं, अगदी वरच्या गटात आहे. पण तो कोणी आणून टाकलेला नाही, मातीतलाच आहे. १९११-१२ च्या सुमारास रंगूनला व्हिटमोर आणि कृष्णस्वामी या दोघांनी पोस्टमॉर्टेममध्ये तो पहिल्यांदा ओळखला, तेव्हा ब्रह्मदेश ब्रिटिश हिंदुस्थानातच होता. म्हणून जुन्या पुस्तकांत याला व्हिटमोरचा रोग म्हणतात. कृष्णस्वामींचं नाव नेहमीप्रमाणे गळालं. भारतातल्या पेशंटची पहिली नोंद मात्र १९९१ ची, तीही मुंबईची.

आणि उलट गंमत सांगते. २०२१ मध्ये अमेरिकेत चार वेगवेगळ्या राज्यांत चार जणांना हा आजार झाला, त्यातले दोघं गेले, आणि चौघांपैकी कोणी परदेशात गेलेलं नव्हतं. शोधत शोधत माग लागला तो घरात फवारायच्या सुगंधी स्प्रेच्या बाटलीपर्यंत, आणि ती बाटली बनलेली भारतात.

---

नाशिकची_द्राक्षं

बापरे! स्प्रेचं माहीतच नव्हतं. हा फक्त कोकणातच असतो का? आमच्याकडे बागेत ठिबकच्या ओल्या मातीत सतत हात असतात आणि सासऱ्यांना शुगर आहे म्हणून विचारतेय.

---

पडवीतला_डॉक्टर

जास्त केसेस किनारपट्टीच्या, भरपूर पावसाच्या भागातून येतात. उडुपी-मणिपाल पट्ट्यातून तर पावसाळ्यात नियमित, शिवाय तमिळनाडू, केरळ, ओडिशा, ईशान्येकडची राज्यं. पण जिथे शोधणारी लॅब आहे तिथेच तो सापडतो हाही भाग आहेच. २०१६ मध्ये एक अंदाज प्रसिद्ध झाला होता, जगात वर्षाला सुमारे १ लाख ६५ हजार रुग्ण आणि ८९ हजार मृत्यू, आणि त्यातला ४४ टक्के भार दक्षिण आशियावर. आपल्याकडे प्रत्यक्ष नोंदी त्याच्या पासंगालाही पुरत नाहीत. मग बाकीचे गेले कुठे? माझं स्पष्ट मत, "थुंकी निगेटिव्ह टीबी" आणि "कारण न कळलेला सेप्सिस" (अंगभर पसरलेलं गंभीर इन्फेक्शन) या दोन खात्यांत जमा झाले. टीबीची औषधं सुरू करणाऱ्याला मी दोष देत नाही, आपल्या देशात वरच्या भागात डाग दिसला तर पहिला विचार टीबीचाच येणार. पण थुंकीत काही नाही, सीबीनॅट (टीबीची जनुकीय तपासणी) निगेटिव्ह, पेशंट शुगरचा, मातीत काम करणारा, आणि औषधं देऊनही ताप ढिम्म हलत नाही, तर ब्लड कल्चर मागवायलाच हवं. त्यातून लिव्हर आणि प्लीहा दोन्हीकडे बारीक बारीक गळवं म्हणजे तर पाटी लावून बसलाय तो.

सासऱ्यांची शुगर आटोक्यात ठेवा, हाताला जखम असेल तर झाकून ग्लोव्हज घाला म्हणावं. धडधाकट माणसाला हा सहसा काही करत नाही. डायबेटिस हे एक नंबरचं कारण, मग जास्त दारू, किडनीचे आणि फुप्फुसाचे जुने आजार, थॅलेसेमिया, स्टिरॉइडवर असलेले लोक.

---

डार्विनकर

आज पहिल्यांदाच या साईटवर माझ्या गावाचं नाव वाचलं, म्हणून लॉगिन केलं. मी ऑस्ट्रेलियात डार्विनला असतो, मूळचा साताऱ्याचा. इथे पावसाळा, म्हणजे नोव्हेंबर ते एप्रिल, सुरू झाला की आरोग्य खात्याच्या सूचना रेडिओवर येतात, जशा आपल्याकडे डेंग्यूच्या येतात तशाच. बाहेर चिखलात बूट घाला, बागकाम करताना ग्लोव्हज, हाय प्रेशरच्या पाण्याने अंगण धुताना तोंडाला मास्क, आणि शुगर, किडनीवाल्यांनी वादळात घरात बसा. शेजारच्या आजोबांना झाला होता, न्यूमोनियाच होता पण दुसऱ्याच दिवशी इंजेक्शन सुरू झालं कारण इथल्या डॉक्टरांच्या डोक्यात हा आधी येतो. इथे १९८९ पासून प्रत्येक पेशंटची नोंद ठेवतात आणि आता मृत्यूचं प्रमाण १० टक्क्यांच्या आसपास आलंय, थायलंडमध्ये अजून ४० च्या घरात आहे. औषधं तीच हो, फरक ओळखायला लागणाऱ्या वेळेचा आणि आयसीयूचा.

---

उंडगा

व्हिएतनाम युद्धातल्या अमेरिकन सैनिकांना परत गेल्यावर कितीतरी वर्षांनी व्हायचा असं कुठेतरी वाचलेलं, तो हाच का? म्हणजे लहानपणी मामाच्या शेतात लोळलो त्याचा हिशोब आता होणार?

---

पडवीतला_डॉक्टर

तो हाच. अंगात दडी मारून २९ वर्षांनी उठल्याचं उदाहरण आहे. पण असे फार थोडे, ५ टक्क्यांच्या आत. बहुतेकांना संपर्कानंतर १ ते २१ दिवसांतच त्रास सुरू होतो. मामाच्या शेतात बिनधास्त लोळा, शुगर तपासून लोळा.

---

पार्लेकर_काकू

किती माहितीपूर्ण धागा. वाचनखूण साठवली आहे. तेरेखोलकाठ, तुझी आणि आईची पण काळजी घे गं, हॉस्पिटलात आपलंच जेवण राहतं.

---

तेरेखोलकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार, काकू तुमचे तर खासच. उशिरा अपडेट देतेय. ताप हळूहळू उतरला, आधी संध्याकाळचा १०२ चा १०० झाला मग गेला. तुमचं वाचून मी प्रोस्टेटचं विचारलं, सीटीत तिथे काही नव्हतं. पू काढायला प्लीहेत घातलेली नळी काढली. शिरेतली इंजेक्शनं डॉक्टरांनी ठरवलेल्या मुदतीपर्यंत पूर्ण केली, सलाईन लावून लावून दोन्ही हातांच्या शिरा इतक्या सुजल्या की शेवटी मानेत लाइन टाकली. आता घरी आलोय, कोट्रायमॉक्साझोल चालू आहे, सोबत फॉलिक अ‍ॅसिड.

मेडिकलवाल्याने चिठ्ठी बघून भुवया उंचावल्या, म्हणे एवढा डोस कोणी देतं का, लघवीच्या इन्फेक्शनला एक एक गोळी असते, डॉक्टरांना परत विचारून या. बाबांनी तेवढंच धरून ठेवलंय आणि गोळी घेताना रोज कटकट. काय सांगू?

---

पडवीतला_डॉक्टर

मेडिकलवाल्याने विचारलं ते चांगलंच केलं. पण या आजारात डोस मोठाच असतो. किडनी चांगली असलेल्या ६० किलोवरच्या माणसाला डबल स्ट्रेंग्थच्या दोन-दोन गोळ्या दिवसातून दोनदा, म्हणजे नेहमीच्या दुप्पट. बाबांचा डोस त्यांच्या क्रिएटिनिनवरून ठरवलेला असणार, तेव्हा इथला आकडा बघून तुमचा बदलू नका. बाकी वाचणाऱ्यांनीही धाग्यावरून डोस उचलू नये.

लक्ष कशावर ठेवायचं ते सांगतो. अंगावर पुरळ, तोंडात फोड, डोळे लाल, यातलं काहीही दिसलं की गोळी थांबवून त्याच दिवशी दवाखाना, सकाळपर्यंत वाट बघायची नाही. आणि सुरुवातीला दर आठवड्याला रक्त तपासायचं, पेशी, क्रिएटिनिन आणि पोटॅशियम. पोटॅशियम या गोळीने वाढतं आणि किडनी कमजोर असली की जास्तच वाढतं, वरून काही जाणवत नाही आणि एकदम हृदयाचे ठोके बिघडतात. पूर्वी सोबत डॉक्सीसायक्लिनही द्यायचे, २०१४ च्या थायलंडच्या ट्रायलनंतर ते बंद झालं, एकटी ही गोळी तेवढंच काम करते. एक गोळी वाचली म्हणून बाबांना सांगा, तेवढीच कटकट कमी.

---

नाशिकची_द्राक्षं

पुढच्या वर्षी लावणीचं काय? गमबूट घालून उतरता येत नाही का?

---

मालवणी_खाजा

गमबूट घालून लावणी? ताई, येकदा आमच्या मळ्यात उतरान बघ. बूट थंयच रवतले नि पाय तेवढो भायर येतलो.

---

डार्विनकर

थायलंडमध्ये हाच प्रॉब्लेम आला होता, शेतकऱ्यांना बूट वाटले तरी गाळात चालता येत नाही, आत उकडतं, म्हणून घालत नाहीत.

---

तेरेखोलकाठ

बूट आमच्याकडेही पडवीत शोभेला आहेत. पण बाबांना आता शेतात उतरवायचंच नाही असं दादाने ठरवलंय, लावणीला यंत्रवाला बोलावणार, बाबा बांधावर उभे राहून ओरडणार. विहिरीचं पाणी उकळून प्यायला सुरुवात केली आहे. शेजारच्या वाडीतले दोघं शुगरवाले काका आहेत, त्यांना चिखल्या भरल्याशिवाय उतरू नका आणि ताप आला तर डॉक्टरांना "शेतात होतो" हे आधी सांगा एवढं आईने घरी जाऊन बजावलंय. लेप्टोच्या गोळ्या वाटायला येणाऱ्या आरोग्यसेविका ताईंना पण मी रिपोर्टचा फोटो पाठवला, त्यांनीही नाव ऐकलं नव्हतं, लिहून घेतलं.

डॉक, अजून एक. अशक्तपणा आहे म्हणून आई बाबांना रोज दोन शहाळी देते, घरचीच झाडं आहेत. चालेल ना?

---

पडवीतला_डॉक्टर

नाही!! आजपासून बंद. शहाळ्याच्या पाण्यात पोटॅशियम भरपूर असतं, त्यात ही गोळी आणि त्यात कमजोर किडनी. उद्या सकाळीच पोटॅशियम तपासून घ्या आणि रिपोर्ट तुमच्या डॉक्टरांना दाखवा. ताकदीसाठी काय द्यायचं तेही त्यांनाच विचारा, किडनीमुळे डाळ, अंडी वगैरेचंही प्रमाण तेच ठरवतील.

---

तेरेखोलकाठ

बाप रे, बरं झालं विचारलं. उद्या सकाळी रक्त देतो. आईला सांगितलं तर म्हणते मग एवढी काढून ठेवलेली शहाळी कोण पिणार.

---

मालवणी_खाजा

पत्तो व्यनि कर. मी येतंय.